कपाटातला जबडा

थोरल्या सुनेने जेवणाच्या टेबलावर रुमालाची गाठ सोडली आणि चटकन मागे सरली, आतून विंचू निघणार असावा तशी. निघाला जबडा. पांढऱ्या प्लास्टरचा, रुंद, पुरुषी. वरचा भाग खालच्यावर रबराने बांधलेला, त्यामुळे तो आम्हा सगळ्यांकडे बघून दात विचकत होता.

"धाकटीच्या कपाटात सापडला," ती म्हणाली. "स्वेटरच्या घडीत."

"आणि तू तिच्या कपाटात काय शोधत होतीस?"

"शोधत कशाला असेन, आई? वाळलेले कपडे ठेवायला गेले होते."

या घरात आल्यापासून थोरलीने दुसऱ्याचा साधा पायमोजा उचलून जागेवर ठेवलेला मी पाहिला नव्हता. पण ते भांडण मी राखून ठेवलं. आज वेळ नव्हता. धाकटा मुलगा ज्या देशात आहे तिथल्या कचेरीतून दुपारी व्हिडिओ कॉल यायचा होता, आणि या खेपेला त्यांना धाकटीशी नाही, माझ्याशी बोलायचं होतं.

लग्न उरकून धाकटा परत गेला त्याला दुसरा उन्हाळा लागला होता. बायकोला तिकडे न्यायचा अर्ज त्याने तेव्हाच केला. कचेरीने दोघांच्या वेगवेगळ्या मुलाखती घेतल्या, त्याची तिकडे, हिची इथे, माझ्याच बैठकीच्या खोलीत, आणि मग कळवलं की उत्तरं जुळत नाहीत. लग्न खरं की नुसतं कागदावरचं, खात्री पटत नाही. कोणतं उत्तर जुळलं नाही ते काही सांगितलं नाही. सांगतील कशाला? संशय घेणारा माणूस हातचे पत्ते दाखवत नाही. मी तरी कधी दाखवलेत?

म्हणून आता घरातल्या मोठ्या बाईची साक्ष. माझं बोलणं त्यांना पटलं तर धाकटी जाणार. नाही पटलं तर अर्ज फेटाळणार, आणि मग ती या घरात आणि तो त्या घरात, किती काळ ते कुणी सांगू शकत नव्हतं.

"कुणाचा आहे हा?" थोरल्याने जबड्याकडे मान वाकडी करून पाहिलं. माझा थोरला लिफ्ट दुरुस्त करतो. घरात मात्र स्वतःच लिफ्ट आहे. जो शेवटचं बटण दाबेल त्याच्या मजल्यावर जाऊन थांबतो.

"कुणाचा का असेना, पुरुषाचा आहे," थोरली म्हणाली.

"ती कवळ्याच बनवते ना," हे खिडकीजवळून म्हणाले. आयुष्यभर यांनी शिवणाच्या दुकानात कापड बेतलं, कात्री चालवली. आता खुर्चीत बसून रस्त्याने जाणाऱ्यांचे खांदे मनातल्या मनात मोजतात. "कामाचा असेल."

"कामाचा जबडा कामावर असतो, बाबा. स्वेटरमध्ये नसतो."

हे बोलली माझी लेक, दारातूनच, अजून पायांत चपला. दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण या घरात काही शिजायला लागलं की वास पहिला तिला जातो. तिने पर्स टांगली आणि सरळ थोरलीच्या शेजारी जाऊन बसली. तिथेच मी सावध झाले. थोरलीच्या लग्नापासून या दोघी एकमेकींना पाण्यात पाहतात. एका बाकावर बसल्या की समजावं, तिसरीची वाट लागली.

लेकीचं काय होतं ते सांगते. तिच्या मुलीला अभ्यासाला खोली हवी होती, आणि या घरात सुटण्यासारखी खोली म्हणजे धाकटीची, ती माहेरी धाडली की. थोरलीचं दुखणं जुनं. तिला स्वतःला परदेशी जायचं होतं, लिफ्टवाल्यांना तिकडे मान आहे म्हणायची. थोरल्याने ऐन वेळी पाय मागे घेतला. तेव्हापासून विमानाचा आवाज आला तरी ती खिडकी लावून घेते.

"आई, तू त्यांना सांगून टाक," लेक म्हणाली. "मला माहीत नाही म्हण. खोटं बोलायचं नाही, खरंही बोलायचं नाही."

"त्याचा अर्थ ते नाहीच धरतील," हे म्हणाले.

"धरू देत की! त्याचं नशीब वाचेल. उद्या ती तिकडे जाऊन दुसऱ्याचं घर मांडून बसली तर?"

"खरं आहे," थोरला म्हणाला.

"मुलाला फोन करून विचारा की सरळ," हे म्हणाले.

"हो, तेही खरं आहे," थोरला म्हणाला आणि त्याने फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

"कामावर असेल," मी म्हटलं. "कोल्ड स्टोरेजमध्ये फोन नेऊ देत नाहीत, बाहेर खणात ठेवावा लागतो. दिवसा तो उचलत नाही."

आणि हे तोंडातून गेलं तसा माझाच संशय पक्का झाला. कारण माझ्याजवळ जबड्यापेक्षा मोठा पुरावा होता आणि तो मी अजून कुणाला दाखवला नव्हता.

त्याच आठवड्यात, असंच दिवसाउजेडी, मी जिन्यावरून येत होते. वरच्या वळणावर धाकटी पाठमोरी उभी, कानाला फोन. मी चपला हातात घेतल्या. घेतल्या तर घेतल्या, माझाच जिना आहे. ती म्हणत होती, "बोक्या, तू आता गप्प बस हं. आईंना कळलं तर माझी धडगत नाही." आणि हसली. असं हसू मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. घरात ती ओठ दाबून हसते.

आमच्यासमोर नवऱ्याचा विषय निघाला की धाकटीचं सगळं 'ते' आणि 'त्यांनी'. 'त्यांचा फोन आला होता, आई.' 'त्यांना थंडी वाजते म्हणाले.' नाव नाही, एकेरी नाही. या घराची रीतच ती, मी घालून दिलेली. मग हा अरे-तुरे करायचा बोक्या कोण? आणि नेमका माझा मुलगा फोनवर नसतो त्या वेळीच कसा सापडतो?

मी हे सांगितलं मात्र, थोरलीने हात जोडले. देवाला नव्हे, जबड्याला.

"बोक्या!" लेक म्हणाली. "आई, आणि तू हे पोटात ठेवून बसलीस?"

"मी बोलते तेव्हा तोलून बोलते."

"आता काय तोलायचं राहिलं?"

हे खिडकीबाहेर पाहत राहिले. पण रस्त्यावर तेव्हा मोजायला कुणी नव्हतं.

धाकटी त्या वेळी कुठे होती तेही सांगते. तिने मला पुढे सांगितलं, आणि ती जागा माझी पाहिलेली आहे, तिथल्या खुर्चीत मी तोंड उघडून बसलेली आहे.

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या, टोप्या करून देणारी ती लॅब. एका लांब खोलीत तीन-चार टेबलं, सगळ्यांवर पिठासारखी प्लास्टरची धूळ. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ओळीने जबडे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. धाकटी ज्योतीवर सुरी तापवून गुलाबी मेणात एकेक दात बसवत होती, आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होती.

"अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतलीस ना? मग निघ की," शेजारची पॉलिशवाली बाई म्हणाली.

"निघते. वाक्य जमत नाहीये."

"कसलं वाक्य?"

"आईंना सांगायचं आहे एक. कॉलच्या आधी सांगायलाच हवं. किती दिवस झाले, तोंडापर्यंत येतं आणि परत जातं."

"एका दमात बोलून टाक. खाणार आहेत का तुला?"

"तुम्ही आमच्या आईंना ओळखत नाही."

"ओळखते तर! त्यांची कवळी मीच घासली. दोनदा परत पाठवली त्यांनी, बोलताना आवाज येतो म्हणून."

हे खरं आहे. माझ्या तोंडातले दात धाकटीने केलेले आहेत. लग्न झाल्यावर महिन्याभरात तिने माझं माप घेतलं आणि असे बसवले की आजतागायत हिरडीला ओरखडा नाही. तिच्या विरुद्ध मी जे काही बोलले ते तिच्याच दातांनी बोलले. पण त्या दुपारी हा विचार मला शिवला नाही.

ती घरी आली तेव्हा केसांवर पांढरी धूळ तशीच होती. खोलीत पाऊल टाकलं, टेबलावरचा जबडा पाहिला आणि दाराला धरून उभी राहिली.

"ये, बस," मी म्हटलं. "पाहुणे आलेत तुझे."

"माझ्या कपाटातून काढला?"

"वाळलेले कपडे ठेवायला..." थोरलीने सुरुवात केली.

"तुम्ही?" धाकटी म्हणाली. एवढंच. थोरलीचं वाक्य तिथेच आटोपलं.

"विषय बदलू नकोस, वहिनी," लेक म्हणाली. "बोक्या कोण?"

धाकटीच्या तोंडावरचा रंग गेला. मग एकदम भरून आला, कानापर्यंत. माझी खात्रीच झाली. निर्दोष माणूस असा लाल होत नाही, असं मला वाटलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जिन्याला कान असतात," मी म्हटलं. "तिकडे माझा मुलगा गोठून मरतो आणि इथे तू कुणाचे दात स्वेटरमध्ये ऊब देऊन ठेवतेस? बोल. कॉल यायच्या आत बोल, म्हणजे मला काय सांगायचं ते कळेल."

मला वाटलं रडेल. ती टेबलाजवळ आली, रबर काढलं, जबड्याचे दोन भाग वेगळे केले आणि खालचा माझ्या हातात ठेवला.

"तुम्हीच ओळखा, आई."

"मी काय डॉक्टर आहे?"

"डोळ्यांनी नका बघू. बोट फिरवा."

मी बोट फिरवलं ते तिला खोटी पाडायला. पुढचे दात, गार, खडबडीत. मधला एक आडवा, शेजारच्याच्या मागे खांदा चोरून उभा राहिल्यासारखा. माझा अंगठा तिथे गेला आणि थांबला. त्या अंगठ्याला ती जागा माहीत होती. धाकट्याचा दुधाचा दात पडायच्या आधीच मागून दुसरा उगवला होता. तो पुढे यावा म्हणून रोज सकाळी त्याला मांडीवर घेऊन मी अंगठ्याने तो दात रेटत असे. तो माझा अंगठा चावत असे. दात काही हलला नाही. मुलासारखाच, आपल्या मनाचा.

"हा तर..." मी म्हटलं.

"जायच्या आधी त्यांनी दाढेला टोपी बसवून घेतली, तेव्हाचं माप आमच्याकडेच आलं होतं," धाकटी म्हणाली. "काम झालं की साचे फोडून टाकतात. मी मागून घेतला. फोटोत ते ओठ मिटून बसतात, आई. हसताना कसे दिसतात ते यातच आहे."

मग थोरल्याने, का कोण जाणे, स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली.

"आणि बोक्या?" लेक अजून सोडायला तयार नव्हती, पण आवाज पातळ झाला होता.

धाकटीने वरचा भाग उचलून धरला. दोन्ही सुळे लांब, टोकदार, बाकीच्या दातांच्या पुढे आलेले. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आईला मुलाचे दात दिसतात ते येताना. पुढे ते कुणाला दाखवतो ते आपण बघत नाही.

"यावरून," ती म्हणाली. मान खाली. "पहिल्यापासून तेच म्हणते मी त्यांना. दिवसा बोलता यावं म्हणून त्यांनी रात्रपाळी मागून घेतली. तुम्हाला सांगितलं नाही, कारण मग..."

"कारण मग काय?"

"मग तुम्हीही त्याच वेळी फोन केला असता."

खिडकीकडून हे खोकले. तो खोकला नव्हता, पण मी तसा धरला.

"म्हणजे आता तो झोपलाय?" थोरला म्हणाला.

"गाढ. आई, अजून एक सांगायचं आहे." ती एका दमात बोलली, जसं काही पाठ केलं होतं. "मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, नवऱ्याला काय हाक मारता. तिकडे त्यांनी सांगितलं, बोक्या म्हणते. इकडे मी सांगितलं, हाक मारतच नाही. तिथेच जुळलं नाही."

"अगं मग सांगायचं होतंस की तेव्हाच!"

"कसं सांगणार? तुम्ही शेजारी बसला होतात."

टेबलावरचा लॅपटॉप वाजायला लागला.

पडद्यावर चष्म्याची, आखूड केसांची एक साहेबीण होती आणि बाजूच्या लहान चौकटीत दुभाष्या, गळ्याशी टाय आवळलेला तरुण. तो शाळेच्या पुस्तकातून उठून आल्यासारखं मराठी बोलत होता.

"नमस्कार. आपण अर्जदाराच्या मातोश्री?"

"मी त्याची आई."

"कक्षात अन्य कोणी व्यक्ती उपस्थित आहेत काय?"

"सगळं घर आहे. घरात घरचे नसतील तर कोण असणार?"

साहेबिणीने काहीतरी लिहून घेतलं. धाकटी कधी उठते, काय खाते, कुठे काम करते, असं विचारत गेली. मी नीट सांगितलं. दोन खेपा थोरल्याला मधे पडून शब्दाचा अर्थ सांगावा लागला. मला वाटलं निभावलं. मग तो टायवाला खाकरला.

"आपली स्नुषा आपल्या पतीस कोणत्या संबोधनाने पुकारते?"

हा प्रश्न मात्र कुणाला मला समजावून सांगावा लागला नाही. माझ्या मागे सगळं घर कान देऊन होतं. इतक्या वर्षांत मी या घरात कुणाला वेडंवाकडं नाव घेऊ दिलं नव्हतं. थोरलीने एकदा थोरल्याला 'अरे ऐक' म्हटलं तर आठवडाभर मी तिच्याशी बोलले नव्हते. आणि आता तिच्यासमोर...

"बोक्या," मी म्हटलं.

"क्षमस्व?"

"बोक्या. बोका. नर मांजर. सांगा त्यांना. आणि लिहायचं तर नीट लिहा."

दुभाष्याचं तोंड जरा उघडंच राहिलं. "खरंच असं म्हणतात का हो, काकू?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच माणसासारखा बोलला. मग सावरून त्याने साहेबिणीला सांगितलं. तिने समोरचे कागद चाळले, चष्म्यावरून पाहिलं आणि बराच वेळ बोलली.

"महोदया विचारतात, आपल्या स्नुषेने तर कोणतेही संबोधन वापरत नाही असे उत्तर दिले होते. ही विसंगती का?"

"कारण तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे सासू. आता एवढंही भाषांतर जमत नसेल तर काय म्हणायचं? सासूच्या कानावर असलं काही घालायचं नसतं. तिने मान राखला आणि तुम्ही तिला खोटी ठरवलीत."

हे तिला पोचलं की नाही देव जाणे. तिने भुवया जवळ आणल्या. संशय कसा दिसतो ते मला आरशात पाहून ठाऊक आहे. तोच होता.

"महोदया विचारतात, मग आपण आपल्या पतीस काय म्हणता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"हाक मारायची वेळच येत नाही."

साहेबिणीने पुन्हा पेन उचललं. आता ही माझंही लग्न खोटं ठरवते की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला.

"झाकण वाजवते," हे म्हणाले.

दुभाष्याने कान पुढे केला. "काय म्हणाले?"

"पातेल्याचं झाकण आपटते. हळू आपटलं तर जेवायला ये. जोरात आपटलं तर आत ये, बोलायचं आहे."

"मी कधी असं केलंय?" मी उसळले. पण थोरली आणि लेक, दोघी एकदम हसल्या. त्यांचं इतक्या वर्षांत एकाच गोष्टीवर हसू जुळलेलं हे पहिलंच.

साहेबीण म्हणाली, करून दाखवा. तसंच्या तसं म्हणाली, दुभाष्याने दोनदा सांगितलं. धाकटी आत धावली आणि पातेलं झाकणासकट घेऊन आली. मी सगळ्यांवर चिडलेली होते, त्यामुळे झाकण जोरातच आपटलं गेलं. आणि हे, गुडघ्यांवर हात टेकत, 'आलो' म्हणत, खुर्चीतून उठले. कुणाला दाखवायला नव्हे. सवयीने उठले.

साहेबीण हसली. तिचेही दात पुढचे जरा वेडेवाकडेच होते.

"वहिनी, सामान बांधायला मी येते हं," कॉल बंद होताच लेक धाकटीला म्हणाली. खोली अशीही सुटते, तशीही सुटते, हे तिच्या ध्यानात आलं असणार. थोरली बाकावर एकटी राहिली. तिने जबड्याचे दोन्ही भाग रुमालाने पुसले, एकमेकांवर बसवले आणि धाकटीच्या हातात दिले. माफी मागायची थोरलीची तीच तऱ्हा, एरवी माझीही तीच.

मंजुरी आली ती पानगळ संपत आली तेव्हा. निघायच्या दिवशी धाकटी बैठकीच्या खोलीत, सगळ्यांसमोर, फोनवर म्हणाली, "बोक्या, निघाले रे." मी भिंतीकडे पाहिलं. तेवढं मी करू शकत होते.

ती गेल्यावर अंथरूण आवरायला म्हणून मी तिच्या खोलीत गेले. उशीवर तोच रुमाल, गाठ मारून ठेवलेला. माझ्यासाठीच, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. गाठ सोडली. आत खालचा जबडा होता, तो आडवा दात वर करून. अंगठा आपोआप तिथे गेला.

वरचा तिने बरोबर नेला. सुळे वरच्यातच होते.